हात फोनकडे का जातो?

प्रश्न : मी त्रेचाळीस वर्षांची असून एका संस्थेच्या हिशेब विभागाची प्रमुख आहे. गेल्या महिन्यात माझा फोन बंद पडला आणि तो दुरुस्त होऊन येईपर्यंत दोन दिवस मला त्याच्याशिवाय काढावे लागले. पहिल्या दिवशी माझा हात सारखा पर्सकडे जात होता; फोन जवळ नसतानाही तो थरथरल्याचा भास होत होता. बँकेचे एक तातडीचे काम ओटीपी मिळाला नाही म्हणून अडले, आणि दुसऱ्याच्या फोनवरून नवऱ्याला कळवायचे म्हटले तर त्याचा नंबरच आठवेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र माझा बारा वर्षांचा मुलगा तासभर माझ्याजवळ बसला आणि त्याने शाळेतल्या कितीतरी गोष्टी सांगितल्या. फोन परत आला आणि मी पुन्हा पूर्वीसारखी झाले. काही दिवसांनी मुलगा म्हणाला, "आई, तुझा फोन परत बिघडू दे." हे वाक्य मला झोपू देत नाही. माझी आई दुसऱ्या शहरात एकटी राहते. गेल्या वर्षी तिच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून मी रात्रीही फोन उशाशी ठेवते. दोनदा मी करमणुकीची सगळी ॲप्स काढून टाकली आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत परत घेतली. हे व्यसन आहे का? मी साधा बटणांचा फोन घ्यावा का? माझा निश्चय दर वेळी का मोडतो? आणि आता मुलालाही फोन हवा आहे. मी स्वतः अशी असताना त्याला कोणत्या तोंडाने नियम घालू?

— एक वाचक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

मुलाच्या वाक्याकडे मी जरा उशिराने येईन, कारण त्याआधी आपल्या त्या दोन दिवसांची नीट फोड करणे आवश्यक आहे. आपण ज्याला फोनवरचे अवलंबन म्हणता, ती माझ्या मते एक गोष्ट नाही. निरनिराळ्या धाग्यांची ती एक गाठ आहे, आणि ती एका हिसक्यात सोडवण्याचा प्रयत्न झाल्यामुळेच दोन्ही वेळा ती अधिक घट्ट बसली. धागे वेगळे केले तर त्यांतले काही अगदी सहज सुटतील, काही तसेच राहू द्यावेत असे आपल्यालाच वाटेल, आणि एक धागा असा निघेल की ज्याचा फोनशी फारसा संबंध नाही.

आधी व्यसनाच्या प्रश्नाचे उत्तर देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात जुगाराच्या जोडीने डिजिटल खेळांच्या अनावर नादाला विकार म्हणून स्थान मिळाले आहे. मोबाइल फोनच्या वापराला असे स्वतंत्र स्थान नाही. तरीही खेळांच्या विकारासाठी तिथे दिलेले निकष आपल्याला विचार करायला उपयोगी पडतील : वापरावर ताबा न राहणे, इतर कामांपेक्षा आणि आवडींपेक्षा त्यालाच अधिकाधिक अग्रक्रम मिळत जाणे, नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे किंवा वाढणे, आणि या सर्वांमुळे घर, काम, शिक्षण किंवा नातेसंबंध यांत ठळक बिघाड होऊन ही स्थिती साधारणपणे वर्षभर टिकणे. आपण नोकरीतली मोठी जबाबदारी सांभाळता, दूर राहणाऱ्या आईची काळजी वाहता आणि मुलाच्या एका वाक्याने अस्वस्थ होऊन पत्र लिहिता. एवढ्यावरून मी याला व्यसन म्हणणार नाही. शिवाय तो शब्द एकदा स्वतःला लावून घेतला की माणूस हताश होतो किंवा संपूर्ण त्यागाच्या प्रतिज्ञा करू लागतो, आणि आपल्याला या दोन्हींचा उपयोग नाही. मात्र व्यसन नाही म्हणजे काळजीचे कारणही नाही, असा अर्थ कृपया घेऊ नये. झोप जाते आहे आणि मूल दुरावल्यासारखे झाले आहे, एवढे कारण हालचाल करायला पुरेसे आहे.

आता त्या पहिल्या दिवसाबद्दल. आपली जी घालमेल झाली, तिच्यातल्या बऱ्याच भागाचा मनाच्या दुबळेपणाशी काहीही संबंध नव्हता. मोटोरोला कंपनीचे अभियंते मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या मोबाइल फोनवर पहिला कॉल केला, तेव्हा किलोभराहून जड असलेले ते यंत्र बोलण्यापलीकडे काहीच करू शकत नव्हते. आज तेच नाव धारण करणाऱ्या वस्तूत आपले पैशांचे पाकीट, ओळखपत्र, नंबरांची वही, गजराचे घड्याळ, नकाशा, कॅमेरा आणि बँकेत शिरण्याची परवानगी असे सारे एकत्र आले आहे. त्यामुळे एक यंत्र बंद पडले की एकाच वेळी सात-आठ सोयी नाहीशा होतात. बँक ओटीपी फोनवरच पाठवणार असेल तर फोनवाचून काम अडणे अटळ आहे, आणि ती व्यवस्था आपण निवडलेली नाही. या बाबतीत स्वतःला दोष देणे अन्यायाचे होईल. इथे संयम कामाचा नाही, पर्यायी सोय कामाची आहे.

ती सोय करायला एक निवांत दुपार पुरेल. ईमेल आणि इतर महत्त्वाच्या खात्यांना दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली असेल, तर अनेक सेवा फोन हाताशी नसताना वापरायचे काही राखीव कोड देतात. ते कागदावर उतरवून घरात सुरक्षित जागी ठेवावेत. फोन नसताना ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग कोणता, हे बँकेला अडचण येण्यापूर्वीच विचारून ठेवावे. फोटो आणि संपर्क यांची प्रत दुसरीकडे साठवली जाते आहे ना, आणि फोन हरवल्यास त्याला दुरून कुलूप लावता येते ना, हे एकदा स्वतः तपासावे. घरच्यांचे, आईच्या डॉक्टरांचे आणि तिच्या शेजाऱ्यांचे नंबर एका चिठ्ठीवर लिहून ती पर्समध्ये ठेवावी. पासवर्ड मात्र त्या चिठ्ठीवर मुळीच नसावेत. एवढे झाले की फोन बंद पडण्याची जी भीती मनात सतत तेवत असते, ती बरीच निवेल, आणि ती निवल्याशिवाय फोनपासून लांब राहण्याचा कोणताही निश्चय टिकणार नाही, असे मला वाटते.

नवऱ्याचा नंबर आठवला नाही याची आपल्याला लाज वाटलेली दिसते. २०११ मध्ये बेट्सी स्पॅरो, जेनी लिऊ आणि डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत सहभागी झालेल्यांनी संगणकावर काही विधाने टाइप केली; ती पुसली जाणार आहेत असे ज्यांना सांगितले होते त्यांना ती जास्त आठवली, आणि साठवली जाणार आहेत असे ज्यांना वाटत होते त्यांना कमी. कुठे तरी नोंद आहे याची खात्री असली की मन ती गोष्ट धरून ठेवायचा आग्रह सोडते. हे काही फोनने नव्याने आणलेले नाही. वाढदिवस एकाने लक्षात ठेवायचे आणि औषधांच्या वेळा दुसऱ्याने, अशी स्मरणाची वाटणी घराघरांत पूर्वीपासून होत आली आहे. म्हणून यात कमीपणा मानू नये. नवरा, आई आणि मुलाची शाळा असे मोजके नंबर पाठ करावेत, आणि ते पाठ राहावेत म्हणून अधूनमधून यादीतले नाव न दाबता आकडे हाताने दाबून फोन लावावा. बाकीचे नंबर फोनमध्ये सुखाने राहू द्यावेत.

आता जो हात सारखा पर्सकडे जात होता आणि फोन नसतानाही जी थरथर जाणवत होती, त्याविषयी. ही थरथर पुष्कळ लोकांना जाणवते आणि ती आजाराचे लक्षण नाही. एखाद्या खुणेची सतत वाट पाहणारे मन कपड्याच्या साध्या हालचालीलाही ती खूण समजते, एवढाच त्याचा अर्थ. महत्त्वाचा प्रश्न असा की मन इतकी वाट का पाहते. चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून १९५७ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांतला एक इथे थेट लागू पडतो : ठरावीक वेळा चोच मारल्यावर दाणा मिळत असेल तर पक्षी दाणा मिळाल्यावर थोडा थांबतो, पण दाणा कितव्या वेळी मिळेल याचा नेमच नसेल तर तो जवळजवळ न थांबता चोच मारत राहतो, आणि दाणे बंद केल्यावरही ही सवय लवकर सुटत नाही. पुढे १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची, म्हणजे डोपामिन या रसायनाद्वारे संदेश पाठवणाऱ्या पेशींची, नोंद घेतली, तेव्हा असे दिसले की रसाचा अनपेक्षित घोट मिळाला की त्या पेशी उसळतात, आणि घोटाआधी ठरावीक खूण येते हे माकड शिकले की त्या घोटाला उसळेनाशा होऊन खुणेलाच उसळू लागतात. आपला फोन उघडल्यावर दहांपैकी नऊ वेळा काहीच विशेष नसते आणि एखाद्या वेळी मैत्रिणीचा प्रेमाचा संदेश असतो. तो संदेश नेमका कधी येईल हे ठाऊक नसल्यामुळेच हात परत परत जातो.

त्यात भर अशी की ही ओढ वाढावी म्हणून फोनवरच्या अनेक गोष्टी मुद्दाम घडवल्या गेल्या आहेत. २००९ मध्ये आयफोनवर निरनिराळ्या ॲप्सना स्वतःहून नोटिफिकेशन पाठवण्याची सोय मिळाली, आणि तोवर आपण फोनकडे जात होतो ते उलटून फोन आपल्याला हाका मारू लागला. त्याआधी २००६ मध्ये अझा रास्किन यांनी पान कधीच संपणार नाही अशी रचना केली होती. वाचणाऱ्याला पुढचे पान दाबायला लागू नये हा त्यांचा हेतू होता, पण पान संपल्यावर "आता पुरे" असे म्हणण्याची जी संधी वाचकाला मिळत असे तीही त्याबरोबर गेली. या परिणामाबद्दल रास्किन यांनी स्वतः पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे. दिवसभराच्या कामाने थकलेल्या एका माणसाचा रात्रीचा निश्चय एकीकडे, आणि ज्यांचे उत्पन्नच आपल्या तिथे रेंगाळण्यावर अवलंबून आहे अशा कंपन्यांचे वर्षानुवर्षांचे कौशल्य दुसरीकडे, असा हा सामना आहे. आपला निश्चय का मोडतो याचे माझ्याकडचे उत्तर हेच आहे, आणि म्हणून निश्चयाच्या बळावर हा प्रश्न सोडवू नये असा माझा आग्रह आहे.

साधा फोन घेण्याचा विचार मी आपल्यासाठी योग्य मानत नाही. काही जणांना त्याने खरोखर फायदा होतो, विशेषतः ज्यांचे व्यवहार थोडे आहेत आणि ज्यांच्यावर कोणी दूरचे माणूस अवलंबून नाही त्यांना. आपल्या बाबतीत बँक, कार्यालय आणि आई या तिन्ही गोष्टी दोन-चार दिवसांतच आपल्याला जुन्या फोनकडे परत ओढतील, आणि त्या परतण्याला आपण पुन्हा पराभव म्हणाल. शिवाय एकदम सगळे तोडल्याने मन शांत होतेच असे नाही. २०१९ मध्ये निकोलस फिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोटिफिकेशनवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना नोटिफिकेशन दिवसातून तीनदा एकत्र मिळत होती त्यांचे लक्ष, मनःस्थिती आणि फोनवर आपला ताबा असल्याची भावना सुधारली. ज्यांची नोटिफिकेशन पूर्ण बंद केली त्यांना मात्र तसा लाभ झाला नाही, उलट काही तरी निसटते आहे अशी बेचैनी वाढली. आपण दोनदा केलेला प्रयत्न दुसऱ्या प्रकारचा होता.

म्हणून पहिला बदल नोटिफिकेशनमध्ये करावा. जिवंत माणूस आपल्याशी थेट बोलू पाहत असेल तेवढ्यापुरता आवाज ठेवावा, म्हणजे फोन कॉल आणि अगदी जवळच्यांचे संदेश; बातम्या, सवलती, खेळ, कोणाला काय आवडले याच्या सूचना कायमच्या बंद कराव्यात, आणि ग्रुपचे संदेश ठरावीक वेळीच पाहावेत. कार्यालयीन ईमेलबद्दलही हेच म्हणता येईल. कोस्टाडिन कुश्लेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी एक आठवडा ईमेल दिवसातून तीनदाच पाहिली आणि एक आठवडा हवी तितक्या वेळा. मर्यादेच्या आठवड्यात त्यांचा दैनंदिन ताण कमी होता. आपण विभागप्रमुख आहात, त्यामुळे सहकाऱ्यांना असे स्पष्ट सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे की संध्याकाळनंतर खरोखर तातडीचे असेल तर फोन करावा, बाकीच्याला उत्तर सकाळी मिळेल. त्यांनाही त्याने सुटल्यासारखे वाटेल, कारण प्रमुख रात्री उत्तरे देत असेल तर हाताखालच्या माणसालाही जागे राहावे लागते.

दुसरा बदल अंतराचा आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. २०१७ मध्ये एड्रियन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की फोन बंद असला तरी समोर टेबलावर असेल तर विचार करण्याची क्षमता थोडी खर्ची पडते, आणि दुसऱ्या खोलीत असेल तर सर्वांत कमी. पुढे इतरांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा तसाच परिणाम प्रत्येक वेळी मिळाला नाही, म्हणून त्यावर मी फार भार देत नाही. परंतु त्याहून साधी गोष्ट निर्विवाद आहे : हात पोचतो तिथे फोन असेल तर तो नकळत उचलला जातो, आणि त्यासाठी उठून जावे लागत असेल तर मध्ये एक क्षण मिळतो ज्यात आपण कशासाठी उठलो हे आपल्याला कळते. घरात आल्यावर फोनची एक कायमची जागा ठरवावी, ती बसण्याच्या आणि झोपण्याच्या जागेपासून दूर असावी, चार्जरही तिथेच असावा. फोन वापरायचा तर तिथे उभे राहून वापरावा. गजरासाठी वेगळे घड्याळ घ्यावे. झोपण्यापूर्वी प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्यांना झोप उशिरा लागते आणि दुसऱ्या सकाळी मरगळ वाटते, असे २०१४ मधल्या एका काटेकोर प्रयोगात दिसले होते. तो अवघ्या बारा जणांवरचा होता, पण रात्री अकरा वाजता वाचलेला कार्यालयाचा एक संदेश झोपेचे काय करतो हे आपल्याला प्रयोगावाचूनही ठाऊक आहे.

इथे आपण म्हणाल की आईचे काय. आपले पत्र मी पुन्हा वाचले तेव्हा मला जाणवले की आपल्या गाठीचा मुख्य धागा हाच आहे. फोन उशाशी आला तो आईच्या शस्त्रक्रियेनंतर. तेव्हापासून फोन जेव्हा जेव्हा वाजतो तेव्हा मनाच्या तळाशी "आईचे काही झाले का" हा प्रश्न क्षणभर उठत असणार, आणि तसे काही नाही हे पाहिल्यावर जो सुटकेचा श्वास येतो तो इतका हवासा असतो की आपण तो पुन्हा मिळवण्यासाठी न वाजलेला फोनही उघडून पाहतो. उघडलाच आहे म्हणून मग पुढचे पाहिले जाते, आणि अर्धा तास जातो. आपण त्या अर्ध्या तासाबद्दल स्वतःला रागावता, पण त्याच्या आधीच्या भीतीकडे कोणी पाहिलेले नाही. ॲप्स काढून टाकल्याने ती भीती जागची हलणार नव्हती.

तिची व्यवस्था वेगळी करायला हवी. आईशी रोज एका ठरलेल्या वेळी बोलावे आणि ती वेळ दोघींनी पाळावी, म्हणजे दिवसभर "आज अजून काही कळले नाही" ही टोचणी राहणार नाही. तिच्या जवळ राहणाऱ्या एखाद्या विश्वासू व्यक्तीशी स्पष्ट बोलून ठेवावे की काही घडलेच तर संदेश न पाठवता कॉल करावा, एकदा न उचलल्यास लगेच पुन्हा करावा. फोनमधल्या "डू नॉट डिस्टर्ब" या सोयीत निवडक व्यक्तींचे कॉल आणि थोड्या मिनिटांत दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजू देता येतो. आई, ती व्यक्ती आणि डॉक्टर यांच्यासाठी वेगळी, मोठी रिंग लावावी आणि फोन झोपण्याच्या खोलीबाहेर, पण ऐकू येईल असा ठेवावा. ही योजना खरोखर चालते याची खात्री होण्यासाठी एका रात्री नवऱ्याला मुद्दाम आईच्या फोनवरून किंवा त्या व्यक्तीकडून कॉल करवून घ्यायला सांगावे. ऐकू आला की मन हळूहळू विश्वास ठेवू लागेल. आणि जी भीती कोणत्याही रिंगने जाणार नाही, ती नवऱ्यापाशी किंवा एखाद्या मैत्रिणीपाशी बोलून दाखवावी. आईचे वय होते आहे आणि आपण तिच्याजवळ नाही, हे दुःख मोठे आहे आणि ते फोनच्या पडद्यात बुडवून ठेवण्याइतके लहान नाही.

सुरुवातीचे दिवस रिकामे आणि जड वाटतील, याची तयारी असावी. टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधल्या एका प्रयोगात लोकांना पंधरा मिनिटे नुसते विचार करत बसायला सांगितले होते. जवळ सौम्य विजेचा झटका देणारे एक बटण होते. तो झटका टाळण्यासाठी पैसे मोजू असे आधी म्हणणाऱ्यांपैकी १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ स्त्रियांतल्या ६ जणींनी ते बटण स्वतःहून दाबले. रिकामेपण माणसाला इतके जड जाऊ शकते. म्हणून "फोन घेणार नाही" असे न ठरवता "घरी येऊन फोन जागेवर ठेवला की मी मुलाशेजारी जाऊन बसेन" असे ठरवावे. अमुक घडले की तमुक करीन, अशा बांधणीचा संकल्प नुसत्या इच्छेपेक्षा अधिक पार पडतो, हे पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनातून चांगले सिद्ध झाले आहे. घाईही करू नये. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवसही लागतील असे त्यांच्या आकड्यांत दिसले, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही. दोन-तीन महिने मनापासून प्रयत्न करूनही झोप सुधारली नाही, किंवा आईबद्दलची धास्ती वाढतच गेली, तर समुपदेशकाला अवश्य भेटावे, आणि त्यांना फोनपेक्षा त्या धास्तीबद्दल आधी सांगावे.

आता मुलाबद्दल. मोठी माणसे पूर्वीही कामात गढलेली असत, मुलांना थांबायला सांगत, आणि मुले थांबत. पण वर्तमानपत्र वाचणारी, शिवणारी किंवा हिशेब लिहिणारी आई काय करते आहे हे मुलाला दिसत असे, आणि ते काम कधी संपेल याचा अंदाजही येत असे. फोन पाहणाऱ्या चेहऱ्यावरून मुलाला काहीच कळत नाही. आपण आजीच्या डॉक्टरांना उत्तर देत असाल किंवा नुसते पडदा सरकवत असाल, बाहेरून चेहरा सारखाच दिसतो. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात अगदी तान्ह्या मुलांसमोर आयांना काही क्षण चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले होते. मुले हसून, हात हलवून, आवाज काढून आईला परत मिळवण्याची खटपट करत आणि शेवटी मान फिरवत. बारा वर्षांचा मुलगा तान्हा नाही, पण आपल्या मुलाने अजून मान फिरवलेली नाही. त्याने तक्रार केली आहे, आणि तक्रार करणाऱ्या मुलाला उत्तराची आशा असते.

त्याला उत्तर द्या. "तू म्हणालास ते मला लागले आणि ते खरे होते" असे त्याला सरळ सांगा, वचने मात्र देऊ नका. त्याच्यासमोर फोन हातात घ्यावाच लागला तर कशासाठी ते मोठ्याने सांगा : "आजीचे रिपोर्ट आले आहेत, तेवढे पाहते, दोन मिनिटांत येते," आणि दोन मिनिटांत खरेच या. ही सवय आपल्यालाही उपयोगी पडेल, कारण ज्या वेळी फोन कशासाठी उचलला हे सांगता येणार नाही, त्या वेळी तो खाली ठेवणे सोपे जाईल. त्या संध्याकाळी तो तासभर बोलला, कारण आपल्याला घाई नाही हे त्याला दिसले. रोज तास मिळेल असे नाही, पण दिवसातला कोणता वेळ नक्की त्याचा आहे हे त्याला माहीत असावे.

त्याला नियम कोणत्या तोंडाने घालू, असे आपण विचारता. आपण यात परिपूर्ण होईपर्यंत थांबायचे ठरवले तर तो मोठा होऊन जाईल. नियम त्याच्यासाठी न करता घरासाठी करावेत, म्हणजे फोनची रात्रीची जागा सर्वांसाठी एकच, झोपण्याच्या खोलीत कोणाचाच फोन नाही, एकत्र बसलेले असताना कोणाच्याच हातात नाही, आणि नवराही त्यातून सुटणार नाही. मुलाला फोन द्यायचाच झाला तर आधी कॉल आणि संदेश यांपुरता द्यावा, बाकीचे एकेक करून, तो कसा वापरतो ते पाहत वाढवावे. नियम लिहायला बसाल तेव्हा त्याला शेजारी घ्यावे, त्याच्यासाठीचे नियम आपण सुचवावेत आणि आपल्यासाठीचा एक नियम त्याला सुचवू द्यावा. तो महिनाभर पाळून पाहावा आणि मग तो ठेवायचा की बदलायचा हे दोघांनी मिळून ठरवावे.